जात्यांची मोजणी

गलबतं वाऱ्याच्या भरवशावर चालायची आणि पीठ घरच्या घरी दळलं जायचं, त्या काळातली ही गोष्ट. डोंगर आणि दर्या यांच्यामध्ये सात खोऱ्यांचा एक मुलूख होता. लोक त्याला सातखोरं म्हणत. भात आणि नाचणी पिकायची, माणसं कष्टाळू होती, पण राज्य त्यांचं नव्हतं. राज्य दर्यापारच्या राजाचं होतं.

त्या राजाला सातखोऱ्यातल्या कुणीही कधी पाहिलं नव्हतं. पणजोबांच्या काळात त्याची गलबतं आली आणि किनारा लुटणाऱ्या चाच्यांना त्यांनी पळवून लावलं. मग राजाच्या माणसांनी सातही खोऱ्यांतल्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवून विचारलं, "आम्ही तुमचा किनारा राखू. बदल्यात पिकाचा दहावा वाटा द्याल का?" म्हाताऱ्यांनी तीन दिवस आपसांत बोलून होकार दिला. तेव्हापासून दहावा वाटा दर सुगीला बिनतक्रार जात होता.

सातखोऱ्यातल्या करंजखोप नावाच्या गावी येसू नावाची एक टाकारीण राहायची. जात्याचे दगड दळून दळून गुळगुळीत झाले की पीठ जाडंभरडं पडतं. मग टाकारणीला बोलवायचं. ती छिन्नी-हातोडीने दगडाला बारीक टाके घालून तो पुन्हा खरबरीत करून देते. येसूची आई हेच करायची, आजीही हेच करायची. खांद्याला हत्यारांची झोळी लावून येसू गावोगाव फिरे आणि "टाकीऽ, जात्याला टाकी" अशी हाक घाली. बाया तिला थेट माजघरात नेत. जिथे घरचा पाहुणाही जात नसे तिथे येसू मांडी घालून बसे. कुणाचं जातं सासूच्या सासूचं आहे, कुणी माहेराहून रुखवतात आणलं आहे, कुणी मीठ भरडायला वेगळी दगडी, म्हणजे लहानसं जातं, ठेवली आहे, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं, पण सातखोऱ्यातली सगळी जाती तिच्या डोक्यात होती.

तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे बयजा. बयजाचा नवरा लवकर गेला. एकुलती मुलगी धुरपा, ती लग्न होऊन पलीकडच्या गावी नांदत होती. बयजा लोकांचं दळण दळून पोट भरायची. तिच्याकडे दोन जाती होती, एक पिठाचं आणि एक डाळ भरडायचं. येसू तिच्याकडून टाकीचे पैसे घेत नसे आणि बयजा येसूला पिठाचे पैसे लावत नसे. असं वीस वर्षं चाललं होतं.

एकदा काय झालं, दर्यापारच्या राजाचं दुसऱ्या एका राजाशी युद्ध जुंपलं. सात वर्षं चाललं. राजा जिंकला, पण खजिना रिकामा झाला. सातखोऱ्याच्या सुभेदाराला हुकूम आला, की नवीन उत्पन्न शोधा. सुभेदार हुशार होता. त्याने विचार केला की दाणा तर प्रत्येकजण दळूनच खातो, तेव्हा कर जात्यावर बसवावा. अडचण एकच होती. जाती घराच्या पोटात असतात आणि शिपाई माजघरात शिरले तर लोक खवळतील. जाती किती आणि कुणाची, हे कळायचं कसं?

कचेरीत अंतोबा नावाचा कारकून होता. तो सातखोऱ्यातलाच, गोड बोलणारा माणूस. त्याने येसूचं नाव सुचवलं.

एका सकाळी अंतोबा येसूच्या ओसरीवर येऊन बसला. पाणी प्यायला, तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली, मग म्हणाला, "येसूबाई, सरकारला एक मोजणी करायची आहे. कुठल्या गावात किती जाती, एवढंच."

"जाती मोजून सरकार काय करणार?"

"जितकी जाती तितक्या चुली. पुढेमागे दुष्काळ पडला तर किती धान्य धाडायचं याचा अंदाज नको का? तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मग त्याने एक गुंडाळी सोडली. आत दर्यापारच्या पोलादाच्या पाच छिन्न्या होत्या. येसूच्या छिन्न्या गावच्या लोहाराने घडवलेल्या, दर आठवड्याला बोथट होणाऱ्या. तिने एक छिन्नी हातात घेतली, अंगणातल्या दगडावर ठोकून पाहिली. दगडाचा टवका उडाला आणि धार जशीच्या तशी राहिली.

"ह्या तुझ्याच," अंतोबा म्हणाला. "मोजणी सांगितलीस की."

येसूच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं. दुष्काळासाठी मोजणी असेल तर माणसं मोजायची, जाती कशाला, असं तिला वाटून गेलं. पण अंतोबा ओळखीचा होता, सरकारने आजवर वाईट काही केलं नव्हतं, आणि छिन्नी हातात होती. तिने विचारायचं ते विचारलं नाही.

चार दिवस ती सांगत होती आणि अंतोबा लिहीत होता. गावामागून गाव, घरामागून घर. आपल्याला एवढं आठवतं याचा तिला थोडा अभिमानही वाटला. एखाद्या घरी अंतोबा म्हणे, "इथे एकच ना?" तर ती म्हणे, "नाही नाही, मागच्या पडवीत एक लहान आहे, मिठाचं." अंतोबा मान डोलावून लिहून घेई.

पाऊस सरला आणि दवंडी पिटली गेली. प्रत्येक जात्यावर जातेपट्टी बसली होती. ज्या घरी पट्टी भरली जाणार नाही त्या घराने जातं वापरायचं नाही. त्यांनी दळण नदीवरच्या सरकारी पाणचक्कीत न्यायचं आणि तिथला दर द्यायचा.

पट्टी वसूल करणारे दारोदार आले ते वही घेऊनच. वहीत सगळं होतं. रुखवतातलं जातं होतं, पडवीतलं मिठाचं होतं, एका घरी तर सुनेने सासूपासून लपवून माळ्यावर ठेवलेली दगडीही होती. लोक आधी चकित झाले. मग एकेकाच्या लक्षात आलं, की आमच्या माळ्यावर काय आहे हे सरकारला कोण सांगेल? माळ्यावर आजवर गेलं कोण?

त्या आठवड्यात येसूने पाच गावं पालथी घातली. "टाकीऽ" म्हणून हाक दिली, पण एकही दार उघडलं नाही. संध्याकाळी ती बयजाकडे गेली. बयजा सूप घेऊन नाचणी पाखडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मला ते दुष्काळासाठी म्हणाले," येसू म्हणाली.

बयजा पाखडत राहिली. मग तिने विचारलं, "माझं भरडायचं जातंपण सांगितलंस का गं?"

सांगताना येसूला त्यात वावगं असं काही वाटलंच नव्हतं.

"पिठाचं सांगितलं असतंस तर मी समजले असते," बयजा म्हणाली. "ते सगळ्यांना दिसतं. भरडायचं मागच्या खोलीत असतं. तिथे तूच यायचीस." एवढं बोलून तिने सूप उचललं आणि ती आत गेली. दार तिने लोटलं नाही, पण येसूला आत जायचा धीर झाला नाही.

येसूला त्या पोलादी छिन्न्या नदीत फेकून द्याव्याशा वाटल्या. पण जुन्या तिने मोडीत घातल्या होत्या आणि पोट होतं. दूरच्या खोऱ्यांत, जिथे बातमी पोचली नव्हती, तिथे ती त्याच छिन्न्यांनी काम करत राहिली.

इकडे करंजखोपच्या चावडीवर सात खोऱ्यांतली शहाणी माणसं जमली. गावचा म्हातारा भानजी नाईक मध्ये बसला होता. त्याचा राजावर फार विश्वास. "राजा भला आहे," तो म्हणे, "खालची माणसं त्याच्या कानावर जाऊ देत नाहीत." शाळेच्या पंतोजींनी अर्ज लिहायला घेतला. कुणी म्हणालं, पट्टी रद्द करा असं लिहा. कुणी म्हणालं, निम्मी करा असं लिहा.

पंतोजी म्हणाले, "पट्टी किती हा पुढचा प्रश्न. आपल्या पणजोबांना दहाव्या वाट्याचं विचारलं होतं. आपल्याला या वेळी कुणी विचारलं?"

ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. मग अर्जात असं लिहिलं गेलं, की महाराज, आपल्याला गरज असेल तर आम्ही देऊ, आमचं आपल्याशी वैर नाही. फक्त काही नवं बसवण्याआधी आमच्या म्हाताऱ्यांना बसवून विचारावं, जसं पूर्वी विचारलं होतं. दोन हजार माणसांनी अंगठे उठवले. अंगठे उठवणाऱ्यांच्या रांगेत येसू शेवटी उभी होती. तिची पाळी आली तेव्हा शाई संपत आली होती आणि तिचा अंगठा फिकट उमटला.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. सुभेदाराने ते चावडीवर वाचून दाखवलं. राजाने दया करून जातेपट्टी निम्मी केली होती. माणसांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. भानजी नाईकाने हात जोडून कपाळाला लावले. पण पत्र संपलं नव्हतं. पुढे लिहिलं होतं, "ही आमची मेहेरबानी समजावी. प्रजेला विचारण्याचं बंधन आमच्यावर नाही. आज जात्यावर पट्टी आहे. उद्या चुलीवर, पाळण्यावर किंवा सरणावर बसवावी असं आम्हाला वाटलं तर तीही बसेल आणि ती द्यावी लागेल."

चावडीच्या खाली बाया उभ्या होत्या. त्यांतून बयजा बोलली. मोठ्याने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "निम्मी केली ते चांगलं केलं. पण ते सरणाचं पुन्हा वाचा."

सुभेदाराने पुन्हा वाचलं नाही. त्याने कागद गुंडाळला.

त्या वर्षी सातखोऱ्याने निम्मी पट्टीही भरली नाही. पैसे नव्हते म्हणून नव्हे. निम्मी भरणं पुष्कळांना जमलं असतं. पण एकदा भरली की विचारायची गरज नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं घराघरांत बोललं जाऊ लागलं.

सुभेदाराने शिपाई धाडले. हुकूम असा होता, की पट्टी थकवणाऱ्यांच्या जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, उचलून न्यायचा. वरची तळी गेली की जातं नुसता धोंडा उरतो. तीन गावांत तसं झालं. गाड्या भरभरून दगड पाणचक्कीपाशी नेऊन टाकले गेले. त्या गावांतल्या बाया नाचणी नुसती शिजवून पोरांना घालू लागल्या.

करंजखोपात शिपाई येणार त्या दिवशी सकाळीच बायांनी आपापली जाती बाहेर काढली. दोघी-दोघींनी, तिघी-तिघींनी धरून ती चावडीसमोरच्या मोकळ्या जागेत आणून मांडली आणि प्रत्येक बाई आपल्या जात्यावर बसली. साठ-सत्तर बाया असतील. पुढच्या ओळीत बयजा. आईला मदत करायला धुरपा सासरहून आली होती, ती मागे दुसऱ्या जात्यावर बसली.

येसूही तिथे गेली. पण तिच्याकडे स्वतःचं जातं नव्हतं. तिचं दळण बयजाच दळून द्यायची. ती एका ओळीशी गेली, दुसऱ्या ओळीशी गेली. कुणी तिला हाकललं नाही आणि कुणी सरकून जागाही दिली नाही. शेवटी ती कडेच्या आंब्याखाली झोळी घेऊन उभी राहिली.

शिपायांचा सरदार घोड्यावरून आला. तरुण होता, दर्यापारचा. त्याने उठायला सांगितलं. बायांना त्याची भाषा कळली नाही असं नाही, पण कुणी उठलं नाही. बरोबर अंतोबा होता. तो पुढे येऊन म्हणाला, "बायांनो, ऐका. दगडासाठी जीव घालवू नका."

बयजा म्हणाली, "अंतोबा, तुमच्या घरचं जातं वहीत आहे का हो?"

अंतोबा मागे सरकला. सरदाराने काय समजायचं ते समजून घेतलं आणि हात वर केला. येसूला आधी बंदुकांचा आवाज ऐकू आला, मग धूर दिसला. बाया उठून पळाल्या तेव्हा नऊ जणी उठल्या नाहीत.

येसू धावली. बयजा जात्यावरच कलंडली होती, हात खुंट्याला होता. येसूने तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहत राहिली, पण बयजा गेलेली होती. मग धुरपा आली. तिने येसूकडे पाहिलं, खाली बसली आणि येसूच्या मांडीवरून आईचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

भानजी नाईकाचा अजूनही एक भरवसा होता. तो म्हणाला, "हे राजाला कळलं तर तो या सरदाराला फासावर देईल." त्याने अर्ज न लिहिता साधं पत्र लिहवून घेतलं. नऊ बायांची नावं, त्यांची वयं, कुणाच्या मागे किती पोरं. ते घेऊन एक गलबत गेलं. उत्तर यायला सहा महिने लागले. त्यात पत्राचा उल्लेख नव्हता. राजाने सरदाराला शौर्याबद्दल सोन्याच्या मुठीची तलवार बक्षीस दिली होती आणि ती चारचौघांत देण्याचा समारंभ करावा, असा हुकूम होता.

भानजी नाईक त्या दिवशी चावडीवर पुष्कळ वेळ एकटाच बसून राहिला. पंतोजी त्याच्याजवळ गेले तेव्हा तो म्हणाला, "पंतोजी, मी साठ वर्षं लोकांना सांगत आलो की राजा भला आहे. आता मी कुणाला कुठलं तोंड दाखवू?" मग म्हणाला, "पुढच्या कागदावर महाराज लिहू नका."

पुढच्या कागदावर अर्ज असा नव्हताच. त्यात लिहिलं होतं, की सातखोरं आजपासून कुणाचं नाही, आपलं आपलं आहे. राजाने आपली माणसं घेऊन जावं. दोन वर्षांपूर्वी हीच माणसं महाराज म्हणून हात जोडत होती. त्यांना राज्य नको होतं, कुणाशी भांडण नको होतं, नुसतं कुणीतरी आपल्याला विचारावं एवढंच हवं होतं. आता पट्टीचा दर कितीही कमी केला असता, शून्य केला असता, तरी कुणी ऐकलं नसतं.

लढाई पाच वर्षं चालली. पुरुष डोंगरात गेले. त्यांना भाकरी लागायची, भाकरीला पीठ लागायचं. बाया उरलेली जाती उचलून गुहांतून, कपारींतून नेऊन बसवत. त्या जात्यांना टाकी कोण घालणार? येसू जाई. ती कुणाला विचारत नसे आणि कुणी तिला बोलवत नसे. कुठल्या कपारीत जातं आहे ते तिला आवाजावरून कळे. काम करून ती तशीच परत येई. बायांनी तिला भाकरी दिली तर खाई, नाही दिली तर नाही.

दुसऱ्या वर्षी अंतोबा पुन्हा तिच्या ओसरीवर आला. या वेळी बरोबर शिपाई होते. तो थकलेला दिसत होता. म्हणाला, "येसूबाई, डोंगरातली जाती कुठे आहेत तेवढं सांग. जाती हाती आली की ते उपाशी खाली येतील, रक्त न सांडता सगळं मिटेल. तुला जमीन देतील."

"मागच्या वेळी दुष्काळ म्हणालात," येसू म्हणाली.

"मागच्या वेळी मलाही तसंच सांगितलं होतं. शपथ घेतो."

"असेल. तुम्ही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. आता मला आठवत नाही, अंतोबा. एकही जातं आठवत नाही."

तिला कचेरीत नेलं. तीन दिवस विचारलं. चौथ्या दिवशी तिच्या उजव्या हाताची बोटं दगडाखाली ठेवली आणि पुन्हा विचारलं. तिने सांगितलं नाही. छिन्न्या जप्त झाल्या, बोटं कायमची वाकडी झाली आणि तिला दीड वर्ष कोठडीत ठेवलं.

ती सुटून आली तेव्हा हातोडी धरता येत नव्हती. डोंगरातली जाती गुळगुळीत होऊन निकामी झाली होती. तेव्हा एके दिवशी दुपारी धुरपा तिच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा डोंगरातल्या लढाईत पडला होता. ती आईच्या घरी परत आली होती.

"टाकी कशी घालायची ते दाखव," ती म्हणाली.

येसूने दाखवलं. छिन्नी किती तिरपी धरायची, मधून कडेकडे कसं यायचं, कुठल्या दगडाला जोर सोसतो आणि कुठल्याला नाही. धुरपा चार महिन्यांत शिकली. पूर्वी ती येसूला मावशी म्हणायची. त्या चार महिन्यांत तिने तिला कसलीच हाक मारली नाही. काम असलं की समोर येऊन उभी राही.

शेवटी राजा थकला. गलबतं एका सकाळी नांगर उचलून निघून गेली. त्यांच्याबरोबर सुभेदार गेला, सरदार गेला. अंतोबाला त्यांनी नेलं नाही. तो किनाऱ्यावर बोचकं घेऊन उभा राहिला होता. लोकांनी त्याला मारलं नाही, पण त्याच्याशी कुणी बोललंही नाही. पुढे तो कुठे गेला ते कुणाला कळलं नाही.

सातखोरं स्वतंत्र झालं. सात खोऱ्यांची सभा बसली आणि पहिलाच ठराव असा झाला, की लोकांना विचारल्याशिवाय कसलीही पट्टी बसणार नाही. भानजी नाईक तो ठराव ऐकायला राहिला नव्हता. पंतोजी सभेचे मुख्य झाले. चावडीसमोर, जिथे गोळ्या चालल्या होत्या, तिथे एक मोठी शिळा उभी करायचं ठरलं. तिच्यावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरायची.

शिळा उभी राहिली. तिच्यावर एकशे बारा पुरुषांची नावं होती, बापाच्या नावासकट, गावासकट. सगळ्यांत खाली एक ओळ होती. येसूने धुरपाला ती वाचायला सांगितली. येसू कोठडीत असताना धुरपा पंतोजींकडे अक्षरं शिकली होती. तिने वाचलं, "आणि नऊ बाया."

येसू पंतोजींकडे गेली. पंतोजी आता म्हातारे झाले होते, पण माणूस तसाच सालस होता.

"त्यांना नावं होती, पंतोजी."

"होती गं. पण शिळेवर जागा कमी पडली. आणि सगळ्यांची पुरी नावं कुणाला ठाऊक? भानजीचं पत्र गलबताबरोबर गेलं. सभेत विषय निघाला होता, सगळ्यांना तसंच बरं वाटलं."

"सभेत बाया किती आहेत?"

पंतोजींनी चष्मा काढून पुसला. "सध्या नाहीत. पुढे बघू."

"म्हणजे त्यांना विचारायचं राहिलं," येसू म्हणाली.

राजाशी सात वर्षं याच एका शब्दावरून भांडलेला तो माणूस खाली बघत बसला. मग म्हणाला, "शिळेची मागची बाजू मोकळी आहे. मी अक्षरं आखून देतो. सभेला मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंतोजींनी कोळशाने अक्षरं आखली आणि धुरपा छिन्नी घेऊन बसली. येसू तिच्या शेजारी मातीत बसून नावं सांगत होती. कुणाची सून, कुणाची लेक, माहेर कुठलं, हे सगळं तिला आठवत होतं. एकामागून एक आठ नावं झाली. नववं सांगायची गरज नव्हती. धुरपाने ते स्वतःच कोरलं, सावकाश, आणि वेलांटी नाही, काना नाही, काहीच चुकू दिलं नाही.

ऊन वर आलं होतं. धुरपाने हात थांबवला आणि कपाळावरचा घाम पुसला. खाली दोन बोटं जागा उरली होती. ती येसूकडे न बघता म्हणाली, "तुझी बोटं गेली. तुझं नाव घालू?"

येसूने आपल्या वाकड्या हाताकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "नको. मी बसले नव्हते."

'असं म्हणू नकोस' असं धुरपा म्हणेल, असं तिला क्षणभर वाटलं.

"ठाऊक आहे," धुरपा म्हणाली. तिने नववं नाव फुंकून साफ केलं, हत्यारं झोळीत भरली आणि झोळी खांद्याला लावून ती घराकडे निघाली.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: लोकांना न विचारता राज्य करणाऱ्याचं राज्य जातं, आणि एक प्रश्न वेळेवर न विचारणाऱ्या भल्या माणसाला त्याची किंमत राज्य गेल्यावरही द्यावी लागते.